दोनशे बारा खराब

टर्नरने अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांच्या चिमटीत पितळी वॉशर धरला, डाव्या हातातलं गेज त्याच्या भोकात घातलं आणि दांडी आरपार गेली तसा वॉशर उजवीकडच्या ट्रेमध्ये टाकला. पुढचा वॉशर चिमटीतून निसटला, टेबलावरून घरंगळला आणि थेट लोखंडी मांडणीखाली जाऊन पडला. टर्नरने एक शिवी हासडली, गुडघे टेकले आणि हात खाली घालून तो शोधून काढला. एकही वॉशर सोडायचा नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. दांडी गेली तर चांगला, अडकली तर खराब. चांगले उजवीकडे, खराब डावीकडे. दिवस संपला की खराब मोजायचे, आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी स्टोअरकीपरच्या हातात द्यायची.

स्टोअरकीपरला अख्खा कारखाना कुलूप म्हणायचा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे म्हणून, आणि तोंड सहसा उघडत नसे म्हणूनही. निवृत्तीला वर्षही उरलेलं नव्हतं. टर्नरचं टेबल त्याच्याच खोलीत, खिडकीखाली मांडलं होतं. दोघं समोरासमोर बसत, आणि दिवसाकाठी चार वाक्यं झाली तर ती गप्पांची मैफल समजायची.

लेथवर हातमोजे घालायचे नसतात. लेथपाशी पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्यालाही हे आधी सांगतात, कारण फिरत्या जॉबला, म्हणजे कातायच्या तुकड्याला, मोज्याचा एक धागा लागला तरी तो आतल्या हातासकट ओढून घेतो. टर्नरने एकवीस वर्षांत मोजा घातला नव्हता. पण त्या दिवशी विमा कंपनीचा माणूस कारखाना पाहायला येणार होता. साहेबांनी सगळ्यांना नवे कोरे मोजे वाटले आणि अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, दिसायला बरं दिसतं, असं म्हणाले. टर्नर म्हणाला, लेथवर नको. साहेब म्हणाले, अरे बाबा, अर्धा तास. टर्नरने घातले. पाहुणा फाटकातून आत यायला दहा मिनिटं असताना चार नंबरच्या लेथने उजवा मोजा ओढला. मोज्याबरोबर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, अंगठ्याची शीर तुटली. विमावाल्याने आल्या आल्या जी गाडी पाहिली ती रुग्णवाहिका होती.

त्यानंतरचे पाच महिने टर्नरने घरात काढले आणि घरच्यांचा जीव नकोसा करून सोडला. फळी वाकडी का लागली, दाराची कडी सैल कशी, डाळीच्या बरणीचं झाकण उलट्या आट्यांवर का फिरवलं. बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या कापडावर तो पट्टी लावून बघायचा आणि दोन सूत चुकलंय म्हणून सांगायचा. ती शेजारणीला म्हणायची, बोटं यांची गेली, पण डोकं माझं जाणार. रात्री मात्र ती त्याच्या हाताला तेल लावायची आणि एक शब्द बोलायची नाही.

मग पुनर्वसन केंद्रातून बोलावणं आलं. तिथल्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. कामगार, मालक आणि विमावाला असे तिघं एकमेकांचे हात हातात घेऊन उभे होते आणि खाली तिघांचाही फायदा लिहिला होता. कामगाराला पुन्हा काम, मालकाला हाताशी आलेला माणूस परत, विमा कंपनीला जन्मभर पोसण्यातून सुटका. शेवटचं अर्थात जरा सभ्य भाषेत लिहिलं होतं. टर्नरने नजर बारीक करून पाहिलं, तर कामगाराच्या हाताला पाचही बोटं होती.

तिथल्या व्यायामाच्या मॅडम तरुण होत्या आणि कामाला कडक होत्या. त्यांच्याकडे चिमटीचा जोर मोजायचं एक यंत्र होतं. टर्नरचा जोर पहिल्या दिवशी पाऊण किलो भरला. एकवीस वर्षं पोलाद कातणारा माणूस, आणि पाऊण किलो. मॅडम म्हणाल्या, घरी बसून हात सुधारणार नाही, कामावर जायला हवं. आधी हलकं काम, रोज चार तास, बारीक वस्तू चिमटीत धरायच्या. जोर पाच किलो झाला की मी स्वतः लिहून देईन की याला लेथवर घ्या. टर्नरने तो आकडा मनात कोरून ठेवला. त्याला दुसरं काही नको होतं. चार नंबरच्या लेथसमोर उभं राहायचं, बस्स.

असे ते वॉशर आले. सुरुवातीला पेटी अर्धीही संपत नसे. बोटं कळवळायची, खांदा भरून यायचा, वॉशर खाली पडायचे. पण कामावर जाणारा माणूस आणि घरात बसलेला माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. टर्नर सकाळी दाढी करू लागला. बायकोच्या कापडाला पट्टी लावायचं सोडलं. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुवायच्या आधी आकडा सांगायचा. आज एकशे आठ खराब. आज एकशे चाळीस. प्रेसवाल्यांचा डाय झिजलाय, तो म्हणायचा, एवढे खराब निघतात म्हणजे काय, माझी चिठ्ठी बघून तरी शुद्धीवर येतील. शिलाई मशीन चालवता चालवता ती हूं हूं करायची. डाय म्हणजे वॉशर कापायचा साचा, हे तिला ठाऊक नव्हतं, पण नवरा बोलतोय हे तिला पुरेसं होतं.

तिसऱ्या महिन्यात पेटी पूर्ण संपायला लागली. पहिल्या दिवशी दोनशे दहा निघाले, मग दोनशे बारा. आणखी दोन दिवस गेले. त्या संध्याकाळी त्याने आकडा सांगितला आणि बायकोचं मशीन थांबलं.

"कालही दोनशे बाराच होते ना?"

"असतील."

"परवाही. मी बोलले नाही, म्हटलं असेल योगायोग."

टर्नरने तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ टॉवेल चेहऱ्यावरून काढलाच नाही. जगातला कुठलाही डाय तीन दिवस ओळीने नेमके तेवढेच खराब वॉशर पाडत नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय पहिल्या दिवशीचे दोनशे दहा म्हणजे आपल्याच दोन चुका असणार, हेही त्याला कळलं. काम गबाळं केलं असतं तर हे जन्मात लक्षात आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याने एका खराब वॉशरवर गेजच्या टोकाने दोन आडव्या रेघा ओढल्या. त्याच्या पुढच्या दिवशी अकराच्या सुमारास तो वॉशर पुन्हा त्याच्या चिमटीत आला. त्या संध्याकाळी टर्नर मुद्दाम चिठ्ठी न देता निघाला आणि फाटकापासून मागे फिरला. कुलूप पाठमोरा उभा होता. दोन्ही ट्रे त्याने पेटीत ओतले होते आणि कोपरापर्यंत हात घालून तो वॉशर ढवळत होता.

"कधीपासून?" टर्नरने विचारलं.

कुलूप दचकला नाही. हात तेवढा बाहेर काढला.

"पहिल्या दिवसापासून. साहेबांनी सांगितलंय. खरे वॉशर मशीन निवडतं, दोन वर्षं झाली."

"आणि माझ्या चिठ्ठ्या?"

कुलुपाने खण उघडला. सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या. त्याला त्या टाकवल्या नव्हत्या.

"तू रोज खूश होऊन जायचास रे," तो म्हणाला. "मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

टर्नरला राग आला नाही, लाज वाटली. तीन महिने आपण घरी येऊन डाय झिजल्याच्या गोष्टी सांगत होतो, आणि पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसे हे वॉशर आपल्या हातात दिले होते. घरी तो थेट हातपाय धुवायला गेला. बायकोने आकडा विचारला नाही. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं.

केंद्रात गेल्यावर त्याने मॅडमना विचारलं. त्यांनी आधी यंत्रावर चिमूट मोजून घेतली. साडेतीन किलो. मग त्यांनी सांगितलं की कारखान्याकडे मी खरंच काम मागितलं होतं. कारखान्याने कागदावर वॉशर-तपासणी असं लिहून दिलं. तपासलेल्या वॉशरांचं पुढे काय होतं, ते मी विचारलं नाही. फार खोदत बसलं असतं तर त्यांनी तेही बंद केलं असतं, आणि मग तुम्ही घरीच बसला असता. घरी बसलेली माणसं कशी होतात, ते मी रोज बघते. हे सगळं त्या एका दमात बोलल्या, म्हणजे त्यांनी ते स्वतःशी आधी कधीतरी बोलून घेतलं असावं.

"हात बरा होतोय ना?" त्यांनी विचारलं.

"होतोय."

"मग?"

टर्नरने मान वळवली. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा मेणासारखा गोळा मुठीत धरून पिळत होता.

"त्यांना देता तसा गोळा द्यायचा होता," तो म्हणाला. "पिळताना मला निदान माहीत असतं की मी नुसता पिळतोय."

मॅडमनी मान खाली घातली आणि कागदावर साडेतीन लिहिलं. पाच झाले की लेथसाठी लिहून देते, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. आवाज मात्र पूर्वीसारखा कडक राहिला नव्हता.

म्हणून टर्नर परत गेला आणि आणखी दोन महिने तेच वॉशर निवडत बसला. आता त्याला ते ओळखू येऊ लागले होते. काठाला खरचटलेला, एका बाजूला काळपट पडलेला, भोकाशी बारीक कंगोरा असलेला. कुलूप त्याच्या समोरच पेटीत ट्रे ओतायचा, लपवण्यात आता अर्थ नव्हता. लाज वाटायची ती वाटतच राहिली, पण चिमूट सुधारत होती, हेही खोटं नव्हतं. एका सकाळी बायकोने सुई पुढे केली आणि त्याने पहिल्या झटक्यात दोरा ओवला. ती तशीच सुई हातात धरून बसून राहिली, मग डोळे पुसत उठली. यंत्रावर पाच किलो भरले तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच्यासमोरच कागद लिहिला. उजवा हात लेथच्या कामाला योग्य. टर्नरने तो कागद घडी न घालता कारखान्यापर्यंत नेला.

साहेब वाईट माणूस नव्हता, खरी पंचाईत तीच होती. त्याने टर्नरला खुर्चीवर बसवलं, पाणी मागवलं, कागद दोनदा वाचला आणि मनापासून अभिनंदन केलं. मग म्हणाला, चार नंबरचा लेथ आपण गेल्या महिन्यात भंगारात काढला. नवीन मशीन आलंय, त्याला टर्नर लागत नाही. शिवाय विमा कंपनीची अट आहे, एकदा जखमी झालेल्या माणसाला फिरत्या मशीनजवळ उभं करायचं नाही. बाकी ते लोक आपल्यावर बेहद्द खूश आहेत. त्यांनी पत्र पाठवलंय, विम्याचा हप्ता कमी केलाय, आणि ही वॉशरची योजना कायम चालवा म्हणून सांगितलंय. कुलूप महिनाअखेरीस जातोय. ती जागा तुझी. पगार पूर्ण, नोकरी कायम.

"आणि पुढच्या महिन्यात पहिल्याच सोमवारी पॅकिंगमधली ती येतेय," साहेब म्हणाला. "हात भाजलेली. गोष्ट आपल्यातच ठेवील असा विश्वासाचा माणूस हवा तिथे. तुला सगळं माहीतच आहे."

टर्नरने हातातल्या कागदाकडे पाहिलं. नाही म्हटलं तर फाईलमध्ये काय लिहिलं जाईल, ते त्याला कळत होतं. सुचवलेलं काम नाकारलं. त्या तीन शब्दांपुढे पाच किलोंची काही किंमत नव्हती. त्याने मान हलवली. साहेबाने हात पुढे केला, आणि अंगठा जपायच्या जुन्या सवयीने टर्नरने डावा हात दिला.

पॅकिंगमधली सोमवारी दहा मिनिटं आधीच आली. खोके बंद करायच्या गरम पट्टीत तिचा डावा हात सापडला होता, तळव्यावर मांडीची कातडी लावलेली होती. चार महिने घरात बसून भिंती पाठ झाल्या दादा, ती म्हणाली. सासू हातातला कप काढून घेते, मुलं पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत, सगळे इतके जपतात की जीव गुदमरतो. तिने नवी पिशवी आणली होती, केस घट्ट बांधले होते. टर्नरने ठरवून ठेवलं होतं की पहिल्याच दिवशी तिला सगळं सांगून मोकळं व्हायचं. तोंड उघडून तो गेजबद्दल बोलला. दांडी गेली तर चांगला, अडकली तर खराब.

तिने पहिला वॉशर अवघडलेल्या बोटांत धरला आणि उजेडाकडे वळवला.

"हे जातात कुठे?"

टर्नरला हा प्रश्न नको होता, आणि तो येणार हे त्याला माहीत होतं.

"पाण्याच्या पंपात," तो म्हणाला. "एक जरी खराब गेला, तरी पंप गळतो."

तिने मान डोलावली आणि डोळ्यात तेल घालून काम सुरू केलं. उद्या सांगू, टर्नरने ठरवलं. ती गेल्यावर त्याने पेटीत दोन्ही ट्रे ओतले आणि दोन्ही हात घालून ढवळले. उजवा हात जराही दुखला नाही.

उद्या सांगायचं रोज राहत गेलं. पहिल्या आठवड्यात तिने पंचेचाळीस खराब काढले, मग सत्तर, मग शंभरावर. चिठ्ठी देताना तिचा चेहरा फुललेला असे, आणि असा चेहरा आपलाही असणार, या विचाराने टर्नर खणात चिठ्ठी ठेवायच्या निमित्ताने मान फिरवायचा. तिचा तळवा उघडू लागला होता. मॅडमनी तिच्याकरवी निरोप पाठवला की प्रगती उत्तम आहे. कुलूप जसा तारखेप्रमाणे दोरा बांधायचा तसाच तोही बांधायचा. एकदा बायकोने विचारलं की तिला सांगितलंत का. त्याने नाही म्हटलं, आणि बायकोने कापडावरची मान वर केली नाही.

दुसरा महिना संपता संपता एका दुपारी तिची पेटी रिकामी झाली. तिने तळाशी हात फिरवून खात्री केली, खराब मोजले, पुन्हा मोजले आणि चिठ्ठी लिहून आणली.

"सगळी संपली दादा. दोनशे बारा."

"शाब्बास," तो म्हणाला.

बाई पक्की होती, हिशेबाला काटेकोर. एकच पेटी फिरतेय हे कळायला तिला दोन दिवसही लागले नसते. ती गेल्यावर टर्नर कितीतरी वेळ खराब वॉशरांच्या ट्रेसमोर उभा राहिला. मग त्याने चिमटीने त्यातले नऊ उचलले, एकेक करून, आणि खिशात टाकले. बाकीचे पेटीत ओतून ढवळले.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन आली, पण लगेच दिली नाही.

"आज दोनशे तीनच निघाले. काल नऊ जास्त होते."

"बरोबर मोजलेस?"

"दोनदा." तिने चिठ्ठीवर पुन्हा नजर टाकली. "दादा, म्हणजे आपण रोज कळवतो म्हणून त्यांनी तिकडे सुधारणा केली असेल का?"

खिडकीबाहेर फाटकाकडे जाणाऱ्या माणसांचे आवाज येत होते. तिने भाजलेला हात दुसऱ्या हातात धरला होता आणि ती त्याच्या उत्तराची वाट पाहत होती.

"हो," टर्नर म्हणाला. "तसंच असणार."

ती हसली, पिशवी उचलली आणि घरी सांगायला लगबगीने निघाली. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत तो खिडकीत उभा राहिला. मग त्याने खराब वॉशरांचा ट्रे पुढे ओढला आणि त्या संध्याकाळी वीस काढून ठेवले.